बटणं दाबून पळतो, मग शिकतो कधी?

सुट्टी जवळ आली की या सदराच्या टपालात एकच विषय सुरू होतो, मुलांना न्यायचं कुठे. यावेळी बरीच पत्रं ‘हात लावा, ओढा, फिरवा’ असं सांगणाऱ्या म्युझियमबद्दल आणि सायन्स सेंटरबद्दल आहेत, म्हणून सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. पत्रं मोठी होती, थोडी छाटली आहेत, राग मानू नका.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही डोंबिवलीचे, मुलगा सात वर्षांचा आणि मुलगी तीन. मध्ये एका रविवारी वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला गेलो होतो. मुलगा एक बटण दाबायचा आणि काय होतंय ते बघायच्या आत पुढच्या बटणाकडे पळायचा. मिस्टर प्रत्येक बोर्ड वाचून दाखवत होते पण ऐकायला हा जागेवर असेल तर ना. मुलीने अंधार दिसला की भोकाड पसरलं. अर्धंच बघून झालं आणि घरी येईपर्यंत सगळ्यांची डोकी ठणकत होती. एवढा आटापिटा करून मुलं नक्की काय शिकली? परत न्यावं का?
— दोन मुलांची आई, डोंबिवली

उत्तर : न्या, जरूर न्या, फक्त रविवारी नको आणि ‘सगळं बघायचं’ हे डोक्यातून काढून टाका. ते सेंटर एका दिवसात बघून संपवायचं नाहीच आहे हो, मोठ्यांनाही ते होत नाही. तिकिटाचे पैसे वसूल करायच्या नादात आपण मुलांना गॅलरीमागून गॅलरी हाकत नेतो आणि तिथेच सगळं बिघडतं.

आता बटणांचं. अनोळखी जागी मुलांची पहिली फेरी ही पाहणी असते. कुठलं बटण चालतं, कुठे उजेड लागतो, कुठे आवाज येतो, एवढंच त्यांना हवं असतं. त्याला पळू द्या. अर्ध्या-पाऊण तासाने तो स्वतःहून एक-दोन ठिकाणी परत जाईल, आणि तो परत गेला की तिथे बूड टेकायचं, बाकीचं सेंटर गेलं उडत. मिस्टरांना सांगा बोर्ड जरूर वाचा, पण मनातल्या मनात. त्याने काही विचारलं तर एका वाक्यात सांगता येईल एवढ्यापुरतं. आणि ‘यातून काय कळलं?’ हा प्रश्न तर अजिबात नको, तो ऐकला की मुलांना शाळेत बसल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा ‘हेच हळू केलं तर?’ असं विचारून गप्प बसा.

एक उदाहरण देते. बऱ्याच सायन्स पार्कात समोरासमोर पण लांब लांब उभ्या केलेल्या दोन मोठ्या खोलगट तबकड्या असतात, एकीजवळ कुजबुजलं की दुसरीजवळ उभ्या असलेल्याला ऐकू येतं. मुलं तिथे काय करतात, तर जोरात ओरडतात. सगळी ओरडतात, तुमचाही ओरडेल. ओरडू द्या. मग तुम्ही दुसऱ्या टोकाला जाऊन अगदी हळू त्याचं नाव घ्या. तो दचकेल, वळून बघेल. मग त्याला म्हणा, आता डोकं हातभर बाजूला घे. आवाज जवळजवळ गायब! परत जागेवर आण, आवाज हजर. असं चार-पाच वेळा केलं की कुठे डोकं ठेवलं तर ऐकू येतं ती जागा तो स्वतः शोधून काढतो. तबकडीवर आपटलेला आवाज एका ठिकाणी गोळा होतो हे त्याला असं अंगाने कळतं, त्याचं शास्त्रीय नाव आठवी-नववीत आपोआप येईल.

मुलीसाठी आधी बाहेरच्या बागेत जा. तिथला सायन्स पार्क मुख्य इमारतीच्याही आधीचा आहे, पार्क 1979 चा आणि इमारत 1985 ची. तिथे वाफेचं इंजिन आहे, जुनी ट्राम आहे, मरुत हे लढाऊ विमान आहे, शिवाय मोकळं आभाळ. तीन वर्षांच्या पोरीला अंधारी गॅलरी दाखवायची गरजच नाही. एकाने मुलाबरोबर आत जायचं, एकाने मुलीबरोबर बाहेर थांबायचं आणि मध्येच अदलाबदल करायची, चौघांनी एकत्रच फिरलं पाहिजे असा काही कायदा नाही. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहलींच्या बसेस येतात, तेवढे दिवस टाळा. आणि परतीला महालक्ष्मी-दादर-डोंबिवली करायचं असेल तर चारच्या आत निघा. साडेसहाची गर्दी आणि झोपाळलेली तीन वर्षांची मुलगी, पुढचं मी काय सांगू.

अजून एक पर्याय म्हणजे फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात 2019 साली मुलांसाठी सुरू झालेलं वेगळं म्युझियम. आटोपशीर आहे, लहान मुलीला ते जास्त झेपेल.

प्रश्न : माझा नातू पाच वर्षांचा आहे. सूनबाई त्याला ‘हात लावून शिका’ छापाच्या ठिकाणी नेत असते. आमच्या वेळी म्युझियममध्ये हात मागे बांधून फिरायचो आणि घरी आल्यावर निबंध लिहायचो. आता नुसता धुडगूस दिसतो. ही फॅशन आली कुठून? आणि खेळून खरंच काही शिकणं होतं का?
— एक आजोबा, कोथरूड, पुणे

उत्तर : काका, तुम्ही समजता तेवढी ही नवी फॅशन नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मुलांसाठीचं पहिलं म्युझियम 1899 साली निघालं, बोस्टनचं 1913 मध्ये. मात्र काचेची कपाटं खऱ्या अर्थाने बाजूला झाली ती 1960 नंतर. बोस्टनला मायकेल स्पॉक नावाचे संचालक आले, बालसंगोपनावर लिहिणाऱ्या प्रसिद्ध डॉ. स्पॉक यांचे चिरंजीव. त्यांनी रोजच्या वापरातल्या वस्तू आतून कशा असतात ते मुलांना उघडून दाखवायला सुरुवात केली. मग 1969 साली सॅन फ्रान्सिस्कोत फ्रँक ओपनहायमर यांनी एक्सप्लोरेटोरियम सुरू केलं. अणुबॉम्बवाल्या ओपनहायमरांचे हे धाकटे भाऊ, स्वतःही भौतिकशास्त्रज्ञ. कम्युनिस्ट असल्याच्या ठपक्यावरून त्यांची विद्यापीठातली नोकरी गेली, काही वर्षं त्यांनी कोलोरॅडोत गुरं राखली आणि मग तिथल्याच गावातल्या शाळेत मुलांना विज्ञान शिकवलं. शाळेतल्या पोरांना शिकवून आलेल्या माणसाने काढलेलं म्युझियम आहे ते, म्हणून तिथे वस्तू हाताळायला मिळतात.

आणि आपल्या पुण्यात काय कमी आहे? विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, अरविंद गुप्ता तिथे बरीच वर्षं होते, टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करणारे. जायच्या आधी मात्र फोन करून वेळ विचारून घ्या. 

खेळून शिकणं होतं का, याचं उत्तर मी देण्यापेक्षा तुम्हीच घरी करून बघा. काडेपेटीच्या काड्या घ्या, गुल खरवडून टाका, आणि सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणा, अगदी स्वस्त मिळते. नळीचे छोटे तुकडे करून त्यात काड्यांची टोकं खुपसायची की झाला सांधा. नातवाला चार काड्यांचा चौकोन करून द्या आणि कोपऱ्यावर दाबायला सांगा, तो लगेच तिरका होऊन लोळतो. आता तीन काड्यांचा त्रिकोण, कितीही दाबा हलत नाही. मग त्या लोळणाऱ्या चौकोनात तिरकी काडी बसवायला सांगा, ती थोडी लांब लागते हे त्याचं त्यालाच कळेल आणि तो शोधाशोध करेल. लोखंडी पुलात आणि पत्र्याच्या शेडच्या कैचीत सगळीकडे त्रिकोण का दिसतात ते पुढच्या वेळी रस्त्यात तोच तुम्हाला दाखवेल. गुप्तांनी हे सत्तरच्या दशकात होशंगाबादच्या खेड्यांतल्या शाळांच्या कामात असताना केलेलं आहे, म्हणजे तुमच्या-माझ्या काळातलंच.

धुडगुसाबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. हात लावायची मुभा आहे म्हणजे हँडलला लोंबकळायची मुभा नाही. सूनबाईंना हे जरा गोडीत सांगा, आणि सांगण्याआधी एकदा तिच्याबरोबर जाऊन या.

प्रश्न : हाय ताई, आम्ही एडिसन, न्यू जर्सीत असतो, मुलगी अडीच वर्षांची. इथे पावसाळी किंवा थंडीच्या दिवसात चिल्ड्रन्स म्युझियमशिवाय पर्याय नाही पण दर वेळची तिकिटं परवडत नाहीत. मेंबरशिप घ्यावी का? दुसरं म्हणजे पाण्यात खेळायच्या वॉटर टेबलवर मोठी मुलं हिच्या हातातून खेळणी ओढतात आणि त्यांच्या आया फोनमध्ये. आणि मी काही बोलले तर मीच वाईट. उन्हाळ्यात सांगलीहून सासू-सासरे येतायत, त्यांनाही न्यायचंय.
— एडिसनची आई

उत्तर : मेंबरशिप घ्या, पण घेताना तिच्यासोबत दुसरीकडे काय चालतं ते आधी बघा, खरा फायदा तिथेच असतो. चिल्ड्रन्स म्युझियमच्या असोसिएशनची एक योजना आहे, तुमचं म्युझियम त्यात असेल तर त्या योजनेतल्या इतर म्युझियममध्ये सहा जणांपर्यंत अर्ध्या तिकिटात जाता येतं. सायन्स सेंटरवाल्यांचा वेगळा पासपोर्ट असतो, त्यावर प्रवेशच फुकट, पण घरापासून किंवा तुमच्या मूळ सेंटरपासून 90 मैलांच्या आतलं सेंटर असेल तर तो चालत नाही. त्यामुळे घराजवळची मेंबरशिप आणि लांबच्या ट्रिपला तिचा फायदा असा हिशोब घाला. त्याआधी तुमच्या पब्लिक लायब्ररीत विचारा, बऱ्याच लायब्रऱ्या म्युझियमचे पास पुस्तकांसारखे घरी देतात. आपल्या लोकांना हे माहीतच नसतं आणि वर्षभर पूर्ण तिकीट काढत राहतात.

सासू-सासऱ्यांना घेऊन फिलाडेल्फियाच्या प्लीज टच म्युझियमला जा. ते मुळात सात वर्षांच्या आतल्या मुलांसाठीच आहे, म्हणजे तुमच्या लेकीला मोठ्या दांडग्या पोरांचा त्रास कमी. 1976 साली सुरू झालं आणि 2008 पासून मेमोरियल हॉलमध्ये आहे, ती भव्य इमारत 1876 च्या मोठ्या प्रदर्शनासाठी बांधलेली, आजोबांना ती बघूनच बरं वाटेल. त्या प्रदर्शनात स्वातंत्र्यदेवीचा मशालवाला हात ठेवला होता, पुतळा पूर्ण व्हायच्या बऱ्याच आधी. त्याची आठवण म्हणून आत खेळण्यांचे तुकडे जोडून तसाच उंच हात केलाय. आजीला तिथे बाकावर बसवून हातात चहाचा थर्मास... नको, खाणंपिणं कुठे चालतं ते आधी विचारा.

ओढाओढीचं. अडीच वर्षांच्या मुलीला ‘शेअर कर’ सांगून काही होत नाही, तिला ते समजतच नाही अजून. आणि तुमच्या लेकीच्या हातातलं काढून दुसऱ्याला द्यायची घाईही करू नका, आपल्याकडच्या आया संकोचापायी हे फार करतात. त्या मोठ्या मुलाकडेच वळून, आवाज न चढवता सांगा, ‘तिचं झालं की ती तुला देईल, मी बघते.’ बहुतेक मुलं ऐकतात. त्याच्या आईला बोलायच्या भानगडीत पडू नका, फारच झालं तर तिथल्या स्टाफला सांगा, त्यांचं कामच आहे ते. वॉटर टेबल ही म्युझियममधली सगळ्यात भांडखोर जागा असते पण सगळ्यात मजेची पण तीच, दार उघडल्या उघडल्या पहिल्या अर्ध्या तासात तिथे जा, कोणी नसतं. बाह्या कोपरापर्यंत वर, आणि बॅगेत एक पूर्ण ड्रेस आणि मोजे. मोजे सगळे विसरतात. घरी आल्यावर आधी साबणाने हात धुवायचे, मग खाऊ. ती खेळणी किती तोंडांतून जाऊन आलेली असतात हे आठवलं की सांगावं लागणार नाही.

प्रश्न : माझ्या मुलाला ऑटिझम आहे, सहा वर्षांचा आहे. मोठा आवाज सहन होत नाही. अशा जागी त्याला न्यावं की नाही?
— ठाण्याहून एक बाबा

उत्तर : न्या, पण एका वेळी एकच खोली आणि तासभरच. परदेशात काही म्युझियम अशा मुलांसाठी दिवे मंद आणि आवाज बंद ठेवून वेगळे तास ठेवतात. इथे तुम्ही आधी फोन करून कमी गर्दीची वेळ विचारा आणि ती साधा, आदल्या दिवशी त्याला तिथले फोटो दाखवून ठेवा, कान झाकणारे हेडफोन न्या. आत शिरल्यावर आधी बाहेर पडायचं दार आणि एक शांत कोपरा त्याला दाखवा, हवं तेव्हा तिकडे जाता येतं एवढं कळलं तरी पुष्कळ मुलं निवांत होतात. टॉयलेटमधल्या हात वाळवायच्या मशीनपासून सावध, कित्येकदा सगळी ट्रिप त्या एका आवाजाने संपते, टिश्यू खिशात ठेवा. तो एकाच फिरत्या चाकासमोर सगळा वेळ उभा राहिला तर राहू दे. नातेवाईक म्हणतील एवढ्या लांब जाऊन चाकच बघितलं, म्हणू देत.

प्रश्न : सावंतवाडीहून जवळ असं काही आहे का? दर वेळी मुंबई-पुण्याचंच सांगता.
— एक वैतागलेली वाचक

उत्तर : रास्त तक्रार! पणजीला मिरामारचं गोवा सायन्स सेंटर तुम्हाला सगळ्यात सोयीचं, 2001 पासून आहे, आत गॅलऱ्या आणि बाहेर खेळून बघायचा पार्क. सकाळी ऊन चढायच्या आत बाहेरचा पार्क उरका, दुपारी आत. आणि शेजारीच मिरामारचा किनारा आहे, तिकडे संध्याकाळीच न्या, एकदा का पोरं वाळूत बसली की मग सेंटरला तुम्हाला एकटीलाच जावं लागेल.