काकाजींनी पैसे परत का केले?

एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं कापून देते.

‘आम्ही नऊ वर्षांपासून मेलबर्नजवळ राहतो. आई-बाबा अचलपूर तालुक्यात, मेळघाटच्या डोंगराला लागून असलेल्या गावात. बाबांची संत्र्याची बाग अगदी जंगलाच्या कडेला, आणि घरही वावरातच. मागच्या एप्रिलमध्ये रात्री अकराच्या सुमारास डोंगरावरचा वणवा उतरत उतरत बागेच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत आला. शेजारच्या काकाजींनी बैल सोडले. त्यांच्या पोरांनी फवारणीचे पंप पाठीवर घेऊन धुरा ओला केला, पळसाच्या फांद्यांनी आग झोडपली. काकू माझ्या आईला गावातल्या आपल्या घरी घेऊन गेल्या. बाग वाचली, ठिबकच्या नळ्या तेवढ्या जळाल्या. मला हे सगळं दुसऱ्या दिवशी कळलं, तेही कुणाच्या तरी व्हॉट्सॲप स्टेटसवरून! मी लगेच काकाजींच्या मुलाच्या खात्यात पंचवीस हजार रुपये टाकले. चार दिवसांनी ते जसेच्या तसे परत आले. तेव्हापासून काकू फोनवर दोन शब्दांच्या वर बोलत नाहीत. आता पुन्हा उन्हाळा येतो आहे. मी म्हणते, फेब्रुवारी ते जून आई-बाबांनी अमरावतीच्या फ्लॅटमध्ये राहावं. बाबा ऐकत नाहीत. माझं काय चुकलं?’

ताई, आधी पैशांचं बोलू, कारण तुमच्या पत्रात आगीपेक्षा तेच जास्त जळतं आहे.

तुमचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण काकाजींच्या घरात ते पैसे कसे उतरले असतील, याचा विचार करा. रात्रभर धुरात उभं राहून पोरं घरी आली, पापण्यांचे केस जळालेले, आणि दुसऱ्या दिवशी मोबाइल वाजला : रक्कम जमा. ‘बाई, आम्ही काय मजुरीले आलो होतो काय?’ असं काकू तुम्हाला म्हणाल्या नाहीत. त्या गप्प बसल्या. आपल्याकडे गप्प बसणं हे ओरडण्यापेक्षा मोठं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

शेतातल्या कामाची देवघेव कुठे सावड म्हणून चालते, कुठे इर्जिक, कुठे वारंगुळा. तुझे बैल आज माझ्या वावरात, माझे उद्या तुझ्या. या हिशेबाची वही नसते आणि तो कधी पूर्णही होत नाही. शेजाऱ्याकडून आलेला डबा आपण रिकामा परत पाठवत नाही, चार करंज्या, मूठभर शेंगा, काही तरी घालूनच पाठवतो. म्हणजे पुन्हा त्यांच्याकडे डबा राहतो. पंचवीस हजार टाकून तुम्ही, नकळत का होईना, म्हणालात की झालं, आपला हिशेब मिटला. काकाजींना तो मिटवायचाच नव्हता. बाबांना एकदा विचारा, काकाजींच्या घरी कधी काय अडलं होतं आणि तेव्हा कोण धावलं होतं. तुम्ही शाळेत असतानाचं काही तरी निघेल, पैज लावते.

मी स्वतः यातून गेले आहे. परदेशात असताना माझ्या आईला रात्री शेजारच्या मामींनी दवाखान्यात नेलं, दोन रात्री उशाशी बसल्या. मी ऑनलाइन मिक्सर मागवून थेट त्यांच्या घरी पाठवला. दोन वर्षांनी गेले तर मिक्सर खोक्यासकट कपाटावर. पट्टीही कापलेली नव्हती. मामी पाट्यावरच चटणी वाटत होत्या. त्या चटणीचा घास माझ्या घशाखाली उतरेना, आणि तो तिखटामुळे नव्हे.

तर करायचं काय? काकूंना फोन करा, त्यांच्या सवडीच्या वेळी, दुपारी जेवणं आटोपल्यावर. ‘काकू, पैसे पाठवले ते चुकलंच माझं’ एवढंच म्हणा. स्पष्टीकरण देऊ नका, काकाजी कसे देवमाणूस वगैरे तर मुळीच नको. त्या विषय बदलतील. बदलू द्या. मग गाय व्याली का, धाकट्याचं कुठे जमतं का, हे विचारा आणि पुढच्या पंधरवड्यात पुन्हा फोन करा, काहीही काम नसताना. डिसेंबरात गावी गेलात की आधी त्यांच्या घरी जा, मग नातेवाइकांकडे. काकूंची ओटी भरायची तर भरा, पण लुगडं आईच्या हाताने जाऊ द्या.

आता वणव्याकडे वळते. मला वाटतं तुमच्या भीतीत मेळघाट अर्धा आहे आणि व्हिक्टोरिया अर्धं. ७ फेब्रुवारी २००९ ला तुमच्या राज्यात १७३ माणसं गेली. युकॅलिप्टसच्या पानात तेल असतं, आग शेंड्याशेंड्यावरून पळते, ठिणग्या वाऱ्यावर उडून पुढे नवी आग लावतात. तिथे ‘वेळेवर निघा’ हा सल्ला अगदी योग्य, आणि तुमच्या स्वतःच्या घरासाठी तो पाळाच. तिथल्या शेजाऱ्यांकडे घराची एखादी किल्ली दिली आहे का? नसेल तर या आठवड्यात द्या.

मेळघाटचं जंगल सागाचं, पानझडीचं. उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं गळतात आणि जमिनीवर चुरमुऱ्यासारखा थर साचतो. आग बहुतेक वेळा त्या थरातूनच सरपटते, गुडघ्याएवढी, वाळलं गवत असेल तिथे कमरेच्या वर. उताराकडून चढावर ती झपाट्याने जाते, खाली उतरताना रेंगाळते. म्हणून तर त्या रात्री पोरांना पंप भरायला वेळ मिळाला. अशा आगीपुढे चार हात रुंद साफ पट्टा, ओला धुरा आणि आठ-दहा माणसं पुष्कळ काम करतात. वारा सुटला तर मात्र नाही, आणि तिकडे मी शेवटी येते.

अमरावतीच्या फ्लॅटचा आग्रह सोडा. झाडावर आंबिया बहार असताना, पाण्याची पाळी चुकली की फळ गळतं अशा दिवसांत, संत्र्याचा बागाईतदार चार महिने तिसऱ्या मजल्यावर बसून राहील हे शक्य नाही. तुमचे बाबा हट्टी नाहीत, त्यांचं वर्षाचं पीक झाडावर आहे. शिवाय वावरातलं बंद घर म्हणजे ठिणगी पडली तरी कुणाला न दिसणारं घर. आईचं वेगळं आहे. त्यांना दम्याचा किंवा छातीचा त्रास असेल तर धुराच्या रात्री त्यांनी गावात काकूंकडे जायचं, हे आधीच ठरवून ठेवा. त्यांचा दम्याचा पंप आणि गोळ्या यांची एक जोडी काकूंच्या घरी ठेवली तरी काही बिघडत नाही. हे तुम्ही मागितलंत तर काकूंना बरंच वाटेल. मागणं हाही आपलेपणाच असतो.

पैसे खर्चच करायचे आहेत ना? मग एका घरावर करू नका, धुऱ्यावर करा. वन विभाग वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतो आणि त्याआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, साफ करतो. तुमच्या बाबांनी आणि जंगलाला लागून असलेल्या पाच-सहा वावरवाल्यांनी त्याच सुमारास ट्रॅक्टर फिरवून कडेने नांगराची चार-पाच तासं काढून घ्यावीत, म्हणजे आगीला खायला काही उरत नाही. ट्रॅक्टरचं भाडं सगळ्यांनी मिळून. तुम्ही बाबांचा वाटा द्या, सगळ्यांचा नको. फार वाटलं तर त्या दिवशीचं जेवण बाबांच्या वावरात ठेवा, पानगे आणि वांग्याची भाजी, हे कुणी परत करणार नाही. पानं उडवायचं ब्लोअर यंत्र वन विभाग वापरतो, गावाने एखादं घेतलं तर चांगलंच, पण ते ग्रामपंचायतीत किंवा वन व्यवस्थापन समितीकडे राहू द्या. तुमच्या बाबांच्या ओसरीवर ठेवलंत तर ते ‘ऑस्ट्रेलियावाल्यांचं यंत्र’ होईल.

बाकी बारीकसारीक बाबांना ठाऊक असतं, तरी एकदा विचारा. कुटाराची गंजी गोठ्याला चिकटून आहे का? पऱ्हाट्यांचा ढीग घरामागे रचला आहे का? बैल साखळीला आहेत की एका हिसक्यात सुटणाऱ्या गाठीला? शेतीची लाइन रात्रीच्या पाळीत असेल तर दिवसा मोटर बंद, दिवसाच्या पाळीत असेल तर रात्री बंद. म्हणून टाकी आणि दोन-तीन ड्रम भरलेले लागतात. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आणि आपल्या बीटच्या वनरक्षकाचा मोबाइल नंबर काकाजींच्या पोरांकडे आहे का, तेही पाहा.

आता तुमच्या मनाला लागलेली गोष्ट : मला कुणी सांगितलंच नाही. त्यांचे रात्रीचे अकरा म्हणजे तुमचे पहाटेचे साडेतीन. समजा सांगितलं असतं. तुम्ही बाबांना फोन केला असता, मग आईला, मग काकाजींना, मग मावसभावाला, आणि ज्याच्या हातात पंप आहे त्याला तो खाली ठेवून तुम्हाला धीर द्यावा लागला असता. रागावू नका, मीही हेच केलं असतं. काकाजींच्या धाकट्याशी ठरवून घ्या की असं काही झालं तर त्याने एक ओळ पाठवायची, ‘आग आहे, माणसं ठीक’, आणि सगळं विझल्यावर दुसरी. तुम्ही त्या मधल्या वेळात कुणालाही फोन करायचा नाही. हे एकदा पाळून दाखवलंत की पुढच्या वेळी तुम्हाला नक्की सांगतील.

उपग्रहावरून आगीचे ठिपके दाखवणारी सोय आहे. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था तशा सूचना पाठवते, आणि नासाच्या फर्म्स या संकेतस्थळावर आपल्या भागापुरती ईमेल सूचना फुकट लावता येते. पण उपग्रह डोक्यावरून जाईल तेव्हाच बघतो, आणि कुणी वावरात गव्हाचा काड जाळला तरी ठिपका उमटतो. तुमचा स्वभाव पत्रातून जेवढा कळला तेवढ्यावरून सांगते, तुम्ही ते लावू नका. झोप जाईल.

शेवटचं, आणि हे जरा जपून वाचा. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना तीन वनमजूर दगावले. तेही जंगलात रोज वावरणारे होते. काकाजींची पोरं त्या रात्री धुऱ्यावर थांबली की डोंगर चढली, हे तुमच्या पत्रात नाही. वीस-बावीस वर्षांचे पोट्टे, सोबत मित्र, समोर आग, ते चढले असतील असं मला उगाच वाटतं आहे. पुढच्या वेळी चढायचं नाही, हे त्यांना कुणी सांगायचं? त्यांचा बाप सांगणार नाही, कारण बाग तुमच्या बाबांची आहे आणि मागे हटणं त्याला शोभत नाही. तुमच्या बाबांनाही ते जड जाईल. तुम्हाला मात्र सांगता येईल. काकाजींना फोन करून सरळ म्हणा, ‘काकाजी, आमची बाग जळाली तर जळू द्या, पण पोरं धुऱ्याच्या पलीकडे जाऊ देऊ नका. वारा सुटला तर सगळे मागे या, आधी माझ्या बाबांना ओढून आणा.’ आणि बाबांच्या देखत म्हणा, म्हणजे तेही आडवे येणार नाहीत. पंचवीस हजारांनी जे झालं नाही ते कदाचित याने होईल. नाही झालं तरी पोरं तर खाली राहतील.

आणि हो, बाबांना एक विचारायचं राहिलं. डोंगरावर आग बहुतेक वेळा माणूसच लावतो, कधी मोहाखालचा पाला जाळताना, कधी बिडीच्या थोटकाने, कधी भर दुपारी वाळला धुरा पेटवून देऊन. राखीव जंगलात आग गेली तर १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा होतो, ते वेगळंच. तुमचे बाबा धुरा पेटवतात का, कधी पेटवतात आणि तेव्हा शेजारच्या वावरात निरोप देतात का? काय म्हणाले ते मला कळवा.