‘माझी आजी नरकात गेली का?’

‘शंका येणं हे पाप आहे का?’ माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे ख्रिस्ती तरुण हा प्रश्न हमखास विचारतात, तोही मान खाली घालून. शंका आली म्हणजे विश्वास उडाला, आणि देवाने ते पाहिलंही, अशी त्यांची समजूत असते. अशाच एका मुलीबद्दल लिहिते आहे. तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून.

ती खराडीत आयटीत नोकरी करते. वडिलांकडचे पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती. आईने लग्नाआधी बाप्तिस्मा घेतला, पण तिचं माहेर सासवडचं, वारकऱ्यांचं. आईची आई दर नाताळाला करंज्या करायला पुण्यात यायची आणि गुडघे दुखले की नातीला म्हणायची, “तुझ्या येशूलाही सांग गं जरा.” आजी गेली. नंतरच्या एका प्रार्थनासभेत कुणीतरी ठासून सांगितलं, की ख्रिस्ताला न स्वीकारता मेलेल्याला तारण, म्हणजे पापातून सुटका, नाही. बोलणाऱ्याला या घरातलं काही ठाऊकही नव्हतं. हिने मात्र ते आजीबद्दलच ऐकलं.

तेव्हापासून रविवारी उपासनेत विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची जाहीर कबुली, म्हणताना तिचा घसा आवळायचा. मोबाइलमध्ये तिने बायबलमधली वचनं लिहून ठेवली होती. ‘मार्ग, सत्य व जीवन मीच आहे’ हे योहान १४:६ आणि त्याच्याच खाली १ तीमथ्य २:४, सर्व माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे, हे सांगणारं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, यावर ती रात्ररात्र अडकायची. मग शंका घेतल्याबद्दल क्षमा मागायची. प्रार्थना मनापासून झाली नाही असं वाटून पुन्हा मागायची, आणि पुन्हा. दोन-दोन वाजायचे.

या शेवटच्या गोष्टीकडे मी आधी वळले. प्रश्न पडणं वेगळं आणि प्रश्नाने वेठीला धरणं वेगळं. एकच प्रार्थना ‘बरोबर वाटेपर्यंत’ करत राहणं हे मंत्रचळाचं, म्हणजे ओसीडीचं, धार्मिक रूप असू शकतं. प्रत्येक प्रार्थनेने घटकाभर हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यामुळेच मन पुढच्या वेळी पुन्हा तीच मागणी करतं. तिला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, निदान तेच निघालं. उपचारात ठरलं की क्षमा एकदाच मागायची, मग कितीही बेचैनी आली तरी ती सोसायची, पुन्हा हात जोडायचे नाहीत. देवभीरू मुलीला हे सांगणं सोपं नसतं. तिच्या संमतीने मी तिच्या चर्चच्या पाळकसाहेबांशी बोलले. त्यांनी तिला सांगितलं, “एकदा मागितलीस, पुरे,” आणि ती परत परत विचारायला लागली तेव्हा त्यांनीही तेच उत्तर पुन्हा दिलं नाही. धीर पुनःपुन्हा दिला की तोही त्या चक्राचाच भाग होतो, हे त्यांनी समजून घेतलं याचं मला फार बरं वाटलं.

झोप परत आली. प्रश्न तिथेच होता, आणि तो आजाराचा भाग नव्हता.

आजी कुठे आहे, हे सांगण्याचा अधिकार समुपदेशकाला नाही. पण या प्रश्नावर ख्रिस्ती जगात एकमत नाही, एवढं मी सांगू शकत होते. तारण ख्रिस्तावरच्या उघड विश्वासानेच मिळतं, असं अनेक मंडळ्या ठामपणे मानतात. स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, कळली नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेतात, त्यांचंही तारण होऊ शकतं, असं रोमन कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४मध्ये लिहून ठेवलं. काही जण निवाडा देवावर सोपवून गप्प राहतात. ऐकून ती चिडली. “मग आम्हाला एकच बाजू का सांगितली?” तिचा राग रास्त होता.

मी तिला पंडिता रमाबाईंबद्दल सांगितलं. केडगावच्या मुक्ती मिशनमुळे नाव तिला ठाऊक होतं, झगडा ठाऊक नव्हता. १८८३मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर रमाबाईंनी तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून खडाजंगी वाद घातला. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), ख्रिस्ताचं देवत्व, चर्चचा अधिकार, काहीच त्यांनी डोळे मिटून मान्य केलं नाही. त्याच बाईंनी पुढे मराठी बायबलच्या भाषांतरासाठी आयुष्याची अखेरची वर्षं दिली. मराठी ख्रिस्ती घरांतल्या मुलांना हे कुणीतरी सांगायला हवं, असं मला कळकळीने वाटतं.

एका भेटीत मी तिला विचारलं, “हे सगळं आईशी बोललीस?” ती दचकली. आईला दुखावू नये म्हणून विषयच काढला नव्हता. त्या आठवड्यात तिने काढला. आई पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, “माझी आई गेली गं. मला काय हा प्रश्न पडला नसेल?” मग गॅस बंद करून दोघी स्वयंपाकघरातच बसल्या, आणि आजीच्या जाण्यानंतर पहिल्यांदा एकमेकींसमोर रडल्या.

आता पाळकसाहेबांकडे दोघी मिळून जातात. तारणाबद्दल त्यांचं मत आईला पूर्ण पटत नाही, आणि ती तसं तोंडावर सांगते.