पांढऱ्या मांजराच्या कानाचा कॅन्सर आणि कोल्ड प्लाझ्मा

ताई, तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: जुळे सोलापुरातली तुमची पांढरीशुभ्र चिमी, वय अकरा. डाव्या कानाच्या टोकाला खपली धरते, पडते, पुन्हा धरते. मलमं लावून झाली. डॉक्टर म्हणाले कॅन्सर असू शकतो, कानाचं टोक काढावं लागेल. तेवढ्यात भाच्याने कोल्ड प्लाझ्माचा, म्हणजे विजेने भारलेल्या कोमट वायूने कॅन्सरच्या पेशी मारण्याच्या उपायाचा, व्हिडिओ पाठवला, आणि आता कान वाचावा म्हणून ते यंत्र कुठे मिळेल ते तुम्ही शोधताय.

शोधण्यात महिना घालवू नका, एवढंच माझं म्हणणं. मांजराला होणाऱ्या कॅन्सरांमध्ये कानाच्या टोकाचा हा त्यातल्या त्यात बरा. लवकर कापला तर बहुतेक वेळा तिथेच संपतो.

कोल्ड प्लाझ्मा हे थोतांड नाही. आर्गॉन, हेलियम किंवा साध्या हवेतून जास्त दाबाची वीज सोडली की वायूतले थोडे इलेक्ट्रॉन सुटे होतात, पण वायू एकूण कोमटच राहतो. हाच कोल्ड प्लाझ्मा. त्यातून ऑक्सिजन आणि नायट्रोजनचे आक्रमक रेणू तयार होतात. कॅन्सरच्या पेशींवर अशा रेणूंचा ताण आधीच जास्त असतो, वरून हा मारा झाला की त्या मरतात. प्रयोगशाळेत हे चांगलं दिसलंय. जर्मनीत २०१३ साली अशा एका यंत्राला माणसांच्या चिघळलेल्या जखमांसाठी मान्यताही मिळाली. जखमांसाठी, बरं का. कॅन्सरवर अजून प्रयोगच चालू आहेत, आणि मांजरांवरचं काम तर फारच थोडं. मुख्य अडचण खोलीची: प्लाझ्माचा परिणाम कातडीच्या वरच्या थरापुरता. चिमीच्या कानात गाठ कूर्चेपर्यंत गेली असेल तर वरून जखम सुकलेली दिसेल आणि आत ती वाढत राहील. मला भीती आहे ती याचीच.

गांधीनगरजवळ प्लाझ्मावर संशोधन करणारी मोठी सरकारी संस्था आहे, पण तिथे मांजर घेऊन जाता येत नाही! उद्या कुणी 'आमच्याकडे आहे' म्हणालं तर विचारा, यंत्र कोणतं, वायू कोणता, आणि आधी बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, करणार का. ब्यूटी पार्लरमधलं प्लाझ्मा पेन ठिणगीने कातडी जाळतं, ते हे नव्हे. रक्तातून काढतात ती पीआरपी, म्हणजे प्लेटलेट जास्त असलेला रक्तद्रव, तीही नव्हे. ती तर पेशी वाढायला मदत करते, कॅन्सरच्या संशयावर कुणाला टोचू देऊ नका.

आता घरी बघा. चिमीच्या कानामागे मोबाईलचा टॉर्च धरा. चांगल्या कानातून गुलाबी उजेड आरपार येतो, बारीक शिरा दिसतात. आजारी टोक जाड, अपारदर्शक दिसेल, कड आत वळलेली असेल. डोकं झटकल्यावर भिंतीवर रक्ताचे बारीक शिंतोडे उडतात का? नाक आणि पापण्याही पाहा, कारण पांढऱ्या मांजरांत हा रोग तिथेही निघतो. नाकावरचा प्रकार अवघड. तो अगदी लहान आणि वरवरचा असेल तर द्रव नायट्रोजनने गोठवतात किंवा ब्लिओमायसिन हे कॅन्सरचं औषध देऊन तिथे विजेचे झटके देतात. कोल्ड प्लाझ्माला पुढेमागे जागा मिळालीच तर अशाच ठिकाणी मिळेल असं मला वाटतं.

ऑपरेशनआधी किडनीची रक्ततपासणी, छातीचा एक्सरे, आणि जबड्याखालची लिंफ नोड (कॅन्सर पसरला तर आधी फुगणारी ग्रंथी) हाताला लागली तर सुईने नमुना, एवढं मागून घ्या. कापलेला तुकडा फेकू द्यायचा नाही. तो १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रवात) प्राण्यांचे नमुने पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे गेलाच पाहिजे. टाके साधारण १० ते १४ दिवसांत निघतात, तोवर गळ्यात कॉलर. ऐकू नीट येतं. आमच्या गल्लीतल्या एका मनीचे दोन्ही कान असे गेलेत, भाकरीचा डबा उघडला की सगळ्यांत आधी तीच हजर. आपल्याकडे भूल देऊन करणारं कुणी नसेल तर पुणे, नाहीतर परळचं बैलघोडा हॉस्पिटल.

तोवर माणसांची औषधं लावू नका, हे कळकळीने सांगते. माणसांच्या कातडीच्या कॅन्सरवरचं फ्लुरोयुरॅसिल मलम मांजराच्या जिवावर बेतलंय. केमोतलं सिस्प्लॅटिन आणि दुखण्यावरची पॅरासिटामॉल, दोन्ही मांजराला विष. टी ट्री ऑइल नको, डेटॉलही नको. झिंकचं सनस्क्रीनही नको, कारण ती चाटणारच.

उन्हाचं म्हणाल तर मे महिन्यात मांजर आपसूक सावली धरतं. आपल्या सोलापुरात खरी पंचाईत थंडीत. डिसेंबरात सकाळी नऊपासून दुपारपर्यंत ती पत्र्यावर नाहीतर माळवदावर पसरलेली असते, ऊन कोवळं वाटतं, पण अतिनील किरणं असतातच आणि पांढऱ्या कानाला ना रंगाचं संरक्षण, ना पुरेशा केसांचं. दहा ते चार तिला घरात ठेवा, उजवा कान अजून तुमच्या हातात आहे. रिपोर्ट आला की इथे टाका, कापलेल्या कडेला कॅन्सरच्या पेशी उरल्यात की नाही ही ओळ आधी वाचा. उरल्या असतील तर आणखी थोडा कान काढायचा की दुसरा उपाय, ते तेव्हा बोलू.