संगीताच्या विद्यार्थ्यांना रेकॉर्डिंग स्टुडिओतलं तांत्रिक काम शिकवायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरातल्या तुमच्या वर्गात गायन, तबला आणि हार्मोनियम शिकणारी मुलं आहेत, त्यांना स्टुडिओतली प्राथमिक कामं शिकवायची आहेत, आणि आधी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं हे ठरत नाहीये. मी इथेच छोटा स्टुडिओ चालवतो आणि संगीताच्या मुलांना हे काम शिकवतो. माझं म्हणणं असं की सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी बघा. ऑडॅसिटी फुकट आहे, रीपर 60 दिवस वापरून बघता येतं, दोन्हींवर शिकता येतं. सुरुवातीला मुलांच्या हातात माइक, स्टँड आणि केबल द्या, आणि कानावर हेडफोन. दोन चॅनेलचा इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारं यंत्र), दोन डायनॅमिक माइक (साधे, दणकट) आणि एक कंडेन्सर (बारीक आवाज टिपणारा, नाजूक माइक) एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं.

पहिला धडा अंतराचा. एकच ओळ चार बोटांवरून, मग वीतभरावरून, मग हातभर अंतरावरून गाऊन घ्या आणि लगेच ऐकवा. जवळून आवाजातला खर्ज फुगतो, लांबून गाण्याबरोबर खोलीही ऐकू यायला लागते. मग माइक तोंडासमोरून जरासा बाजूला घ्या, ‘प’ आणि ‘भ’चा फुत्कार तिथेच कमी होतो. शेवटी डोळे मिटायला सांगून कोणतं रेकॉर्डिंग कुठल्या अंतराचं ते ओळखायला लावा. स्वर थोडा उतरला तरी ज्याच्या कानाला खटकतं त्या मुलाला हा फरक पटकन कळतो. म्हणून मला मनापासून वाटतं की हे काम संगीताच्या मुलांनी शिकायलाच हवं. बटणं कोणालाही शिकवता येतात, कान तयार व्हायला वर्षं लागतात, आणि ती वर्षं या मुलांनी आधीच दिलेली असतात.

गेन, म्हणजे माइकचा सिग्नल किती वाढवून घ्यायचा ते, ‘हॅलो, हॅलो’वर लावू देऊ नका. बोलताना आवाज बेताचा असतो आणि अंतऱ्यात तार षड्जावर गेला की एकदम उसळतो. म्हणून बंदिशीतली सगळ्यात चढी जागा आधी पूर्ण आवाजात गाऊन घ्यायची, आणि तेव्हा मीटरचे शेंडे उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान राहतील असं बघायचं. डिजिटलमध्ये शून्याच्या वर जागाच नसते. तिथे लाटेचा माथा कापला गेला की आवाज फाटतो, आणि नंतर कितीही खटपट केली तरी तो पूर्ववत होत नाही. 24 बिटवर (आवाजाची प्रत्येक मोजणी किती बारकाईने साठवायची त्याचं माप) रेकॉर्ड करत असाल तर पातळी थोडी कमी राहिली म्हणून काही बिघडत नाही.

केबल प्रत्येकाला स्वतः डाग देऊन बनवायला लावा. एक्सएलआरच्या, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या जोडणीच्या, पिन 1 ला शील्ड (तारांभोवतीचं वेष्टण), 2 आणि 3 ला आतल्या दोन तारा. त्या दोन तारांत सिग्नल एकमेकांच्या उलट असतो, पण वाटेत घुसलेली 50 हर्ट्झची घरघर दोन्हींत सारखीच येते. पुढचं यंत्र दोन्हींतला फरक घेतं, त्यामुळे घरघर वजा होते आणि सिग्नल उरतो. स्वतः जोडलेल्या केबलवर हे समजावलं की मुलं विसरत नाहीत. त्याच दिवशी 48 व्होल्टचंही, म्हणजे इंटरफेसकडून केबलमधूनच माइकला जाणाऱ्या विजेचंही, सांगून टाका: कंडेन्सरला ते लागतं, साध्या डायनॅमिकला लागत नाही, आणि ते चालू-बंद करताना स्पीकरचा आवाज खाली हवा.

तबल्याला वेळ द्या, तिथे शिकण्यासारखं सगळ्यात जास्त आहे. तबल्यावर एक आणि डग्ग्यावर एक असे दोन माइक वरून लावा, हात लागणार नाही एवढ्या उंचीवर. दोन्ही चालू ठेवून एका चॅनेलची पोलॅरिटी उलटी करा (म्हणजे लाटेचा चढ तिथे उतार होतो) आणि वाजवणाऱ्यालाच विचारा, घुमारा कशात भरीव येतो? एकच आवाज दोन माइकना थोडा पुढेमागे पोचतो, कारण आवाज एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटरच जातो, आणि त्यामुळे दोन्हींची बेरीज कधी भरीव होते, कधी पोकळ. मग माइक दोन बोटं सरकवून परत ऐका. हार्मोनियमला भात्याच्या बाजूने माइक लावला तर हवेचा सुस्कारा येतो, म्हणून थोडा वरून, हातभर अंतर ठेवून.

तानपुऱ्याचं ॲप स्पीकरवर लावायचं नाही. ते हेडफोनमध्ये द्या, नाहीतर प्रत्येक टेकमागे (एका खेपेच्या रेकॉर्डिंगमागे) तानपुरा चिकटून येतो आणि दोन टेक जोडताना सांधा ऐकू येतो. गाणाऱ्याला एक कान उघडा ठेवू द्या, बऱ्याच जणांना त्याशिवाय सूर धरता येत नाही.

खोलीसाठी महागडे फोम घेऊ नका, आपल्या गावात चादरींना तोटा नाही. जाड सोलापुरी चादर दुहेरी करून भिंतीपासून वीतभर पुढे टांगली की टाळी वाजवल्यावर येणारा खणखणाट पुष्कळ कमी होतो. खर्जाचा घुमा मात्र तिने जात नाही, आणि बाहेरचा आवाजही थांबत नाही. पूर्व भागात शेजारी यंत्रमाग असतील तर ती धडधड भिंतीतून आणि जमिनीतून येते. तिथे माग बंद असतानाची वेळ धरणं हाच उपाय. एप्रिल-मे महिन्यांत टेकच्या वेळी पंखा बंद करावाच लागतो, तेव्हा टेक छोटे घ्या आणि मध्ये पंखा लावा. कोरड्या हवेत पुडी चढते, त्यामुळे पुढच्या टेकआधी तबला सुरात आहे ना, हे तपासायची जबाबदारी टेक्निशियन मुलावर टाका.

शेवटची परीक्षा कागदावर घेऊ नका. एखाद्या भजनी मंडळाला बोलवा. टाळ, पखवाज, पेटी आणि आवाज एका खोलीत आले की वर्षभराचं सगळं लागतं. टाळ माइकपासून सगळ्यात लांब बसवावे लागतात, नाहीतर ते शब्द खाऊन टाकतात. मंडळी यायच्या आधी माइक लावून तपासलेले हवेत, वयस्कर बुवांना तासभर ताटकळत ठेवायचं नाही. प्रत्येक टेकची नोंद वहीत हवी: तारीख, पट्टी (काळी चार की पांढरी दोन), ताल, कोणता माइक कुठे, कोणता टेक ठेवायचा. 48 किलोहर्ट्झ (सेकंदाला 48 हजार मोजण्या), 24 बिटवर एका ट्रॅकला मिनिटाला साधारण 8.6 एमबी लागतात, तेव्हा डिस्कवर जागा आहे का ते आधी बघायचं, आणि मंडळी घरी जायच्या आत दुसऱ्या डिस्कवर प्रत काढून ती उघडून ऐकायची.