पक्ष्यांचे फोटो काढून नेमकं मिळतं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पहाटे उठायचं, डास चावून घ्यायचे, तीन तास बसायचं आणि चार बरे फोटो घेऊन परतायचं. त्याहून देखणे फोटो नेटवर ढिगाने पडलेत. मग हा खटाटोप कशासाठी?

फोटो हीच कमाई धरली तर तुमचा हिशेब बरोबर आहे, व्यवहार तोट्याचा. माझ्या मते कॅमेऱ्याचा खरा फायदा वेगळा आहे. तो तुम्हाला एकाच पक्ष्याकडे अर्धा तास बघायला लावतो. दुर्बिणीतून ओळख पटली की नजर पुढच्या झाडाकडे वळते. फोटो हवा असेल तर हा उडणार कधी, परत येणार कुठे, हे आधी ताडावं लागतं.

वेडा राघू घ्या. उघड्या काटकीवर किंवा तारेवर बसतो, झेप घेऊन माशी पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच जागी परत येतो. म्हणून त्याच्यामागे लेन्स फिरवू नका, काटकीवर फोकस लावून थांबा. मधमाशी धरून आला की आधी तिला काटकीवर आपटतो, मग तिचं मागचं टोक काटकीवर घासतो. नांगीतलं विष असं निघून जातं. नुसत्या डोळ्यांना हे चोच पुसल्यासारखं दिसतं. १/२००० सेकंदाचं शटर आणि सेकंदाला १० फ्रेम, म्हणजे दहा फोटो, ठेवल्या की आपटणं आणि घासणं वेगळं दिसतं. चतुर पकडला असेल तर सहसा फक्त आपटतो, घासण्याच्या भानगडीत पडत नाही. खंड्याचंही असंच. चोचीतल्या माशाचं डोकं आतल्या बाजूला असेल तर तो स्वतः गिळणार. बाहेरच्या बाजूला असेल तर मासा जोडीदारासाठी किंवा पिलांसाठी चाललाय. एका फ्रेमवरून एवढं कळतं, आणि नेटवरचे हजार फोटो बघून हे बघायची सवय लागत नाही.

उडण्याआधीची लक्षणंही अशीच कळत जातात. पक्षी पुढे झुकतो, अंग आखडतो, बऱ्याचदा शिटतो. ते दिसलं की बटण दाबायला घ्या, उडाल्यावर दाबून शेपूटच मिळते. पक्षी उडतो आणि उतरतो तो वाऱ्याच्या दिशेला तोंड करून. तेव्हा वारा आणि ऊन दोन्ही तुमच्या पाठीशी येतील अशी जागा धरा. दोन्ही जुळत नसतील तर मी वाऱ्याला झुकतं माप देतो, कारण पाठमोऱ्या पक्ष्याचं कितीही छान उजेडात काही होत नाही.

आता सुरुवातीला सगळ्यांचं जिथे बिनसतं तिथे येतो. लेन्स. ४०० मिमीची लेन्स फुल-फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर लावली तर २० मीटरवर चौकटीची रुंदी १.८ मीटर भरते. चिमणी साधारण १५ सेंमीची, म्हणजे चौकटीचा बारावा हिस्सा. ६०० मिमी घेतली तरी आठवा. तीच चिमणी ५ मीटरवर आली तर ४०० मिमीतच चौकटीचा तिसरा हिस्सा व्यापते. म्हणजे पैसे मोजून जे थोडंसं मिळतं ते एका जागी गुपचूप बसून भरभरून मिळतं. चालत जवळ जाऊ नका, बसून त्याला येऊ द्या. गाडीतून काढत असाल तर इंजिन बंद करा, त्याची थरथर फोटोत उतरते.

ऊन चढल्यावर दूरचे फोटो मऊ येतात, बारीक पिसं दिसतच नाहीत. लोक लेन्सला दोष देतात, पण दोष जमिनीवरून उठणाऱ्या गरम हवेचा असतो आणि तो कुठल्याही सेटिंगने जात नाही. अंतर कमी करा किंवा सकाळी लवकर या.

एक्स्पोजरचं, म्हणजे फोटो किती उजळ यावा याचं, फार डोकं खायला नको. कॅमेऱ्याच्या +/− सेटिंगमध्ये (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) गर्द पार्श्वभूमीवर पांढरा बगळा असेल तर −१, मोकळ्या आकाशात पक्षी असेल तर +१ पासून सुरू करा. बगळ्याची पिसं एकदा पांढरीफट्ट झाली की ती नंतर कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही.

डिलीट करायची घाई नको. डोळा दुधाळ दिसतोय म्हणून फोकस चुकला असं वाटतं. बऱ्याचदा ती पक्ष्याची तिसरी पापणी असते, आडवी सरकणारी. अस्पष्ट फोटोत अभ्यासकांनी ओळखीसाठी पायात घातलेलं कडं दिसलं तर तो फोटो सोन्यासारखा. दोन्ही पायांचे, वेगवेगळ्या बाजूंनी काढा, कारण कड्यावरचे आकडे गोल फिरून लिहिलेले असतात. रंगीत कडी असतील तर वरून खाली क्रम टिपून ठेवा. घारीच्या पंखातलं गळालेलं पीस कुठलं, यावरून तीच घार काही आठवडे ओळखता येते. चोचीत काय आहे तेही बघा. एरवी दाणे टिपणारी चिमणी पिलांना अळ्या आणि किडे भरवते, हे अशाच ‘साध्या’ फोटोंत दिसतं. २००२ मध्ये सुरू झालेल्या ई-बर्डवर किंवा आय-नॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गनोंदी जमवणाऱ्या संकेतस्थळांवर, असे फोटो टाकले की ती नोंद ठरते. तिथे सुबकपणाला किंमत नाही, तारीख, वेळ आणि ठिकाण याला आहे.

घरट्याजवळचे फोटो मात्र मी काढू नका असंच सांगेन. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. भर उन्हात ती त्यांच्यावर सावली धरते, पोटाची पिसं भिजवून आणून त्यांना गारवा देते. तुम्ही दहा मिनिटं जवळ रेंगाळलात तर तेवढा वेळ अंडी तापत राहतात. ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली की अंतर चुकलंय. आल्या वाटेने मागे फिरा आणि ती परत जाऊन बसेपर्यंत कॅमेरा उचलू नका.

आणि आज एवढं करा: कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी जुळवून घ्या. बॅटरी बराच काळ काढून ठेवली की ते मागे पडतं किंवा पुसलं जातं, आणि मग हिवाळी पाहुण्याच्या फोटोवर मे महिन्याची तारीख बसते.