फ्लाइंग ट्रेनिंगमध्ये रूममेटला शिकवावं की हातचं राखून वागावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा खडकवासल्याहून एनडीए करून आता हैदराबादजवळ दुंडीगलला, हवाई दलाच्या अकादमीत, उडायला शिकायला गेलाय. त्याला आणि त्याच्या रूममेटला, दोघांनाही फायटर, म्हणजे लढाऊ विमानच, हवंय. रूममेट रोज रात्री त्याच्याकडून चेक्स (उड्डाणाआधी आणि उड्डाणात करायच्या तपासण्या) पाठ करून घेतो. तर मुलाला ‘जरा हातचं राखून वाग’ असं सांगावं का?

मी नव्वदच्या दशकात याच वाटेने गेलो आणि हेलिकॉप्टर पायलट झालो. आता निवृत्त होऊन धानोरीत राहतो. लोहगाव विमानतळावरचं सुखोई फायटर डोक्यावरून गेली की अजूनही बोलणं अर्धवट सोडून वर बघतो, त्यामुळे फायटरची ओढ काय असते हे मला समजावायला नको.

स्पर्धा आहे. नाही म्हणणारा खोटं बोलतो. पहिला टप्पा संपला की फायटर, ट्रान्सपोर्ट, हेलिकॉप्टर अशा वाटा फुटतात. कोण कुठे जाणार हे त्याचं उड्डाण, त्याची पसंती आणि हवाई दलाची गरज यांवर ठरतं. फायटरच्या जागा मागणाऱ्यांपेक्षा कमीच असतात. पण बारावीच्या क्लासमधली स्पर्धा तुमच्या डोळ्यांपुढे असेल तर ती विसरा. इथे प्रत्येक सॉर्टीत (म्हणजे एका उड्डाणात) आधी एकच बघतात: हा मुलगा सुरक्षितपणे उडवतो का? रूममेट ढ निघाला म्हणून तुमच्या मुलाचं लँडिंग सुधारत नाही.

रात्रीच्या त्या घोकंपट्टीत फायदा कुणाचा होतो, तेही सांगतो. आम्ही खुर्चीत बसून ‘उडायचो’. हातात फूटपट्टी, ती कंट्रोल स्टिक. समोर भिंतीवर कॉकपिटचं चित्र. एकजण उडवणार, दुसरा मागून अचानक ओरडणार, ‘इंजिन बंद!’ मग वेग किती ठेवायचा, वारा कुठून आहे, उतरायला शेत कुठलं, सगळं तोंडाने म्हणत हात चालवायचे. ओरडणाऱ्याला उत्तर आधीपासून पक्कं यावं लागतं, नाहीतर समोरच्याची चूक कळणार कशी? माझ्या इमर्जन्सी ड्रिल्स अशा दुसऱ्याला पकडता पकडताच पक्क्या झाल्या.

आता जे सहसा सांगत नाही ते. आमचं विमान दीपक, शेजारी-शेजारी बसायचं, पिस्टन इंजिनाचं. (२००९ मध्ये त्यांची उड्डाणं थांबवली, २०१३ पासून आलेल्या पिलाटस विमानात इन्स्ट्रक्टर मागे बसतो.) आमच्या एका इन्स्ट्रक्टरची खोड होती. पोरगा रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलायला मान वळवतो, नेमका त्याच क्षणी ते थ्रॉटल मागे ओढून इंजिनाची ताकद काढून घ्यायचे, म्हणजे इंजिन बंद पडल्यासारखंच. मी त्यात एकदा सापडलो होतो. उतरल्यावर असलं काही घडलं की क्रूरूममध्ये सगळ्यांना सांगायचं, ही रीतच होती. मी गप्प बसलो, कारण दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर माझा रूममेट जाणार होता आणि आम्हा दोघांचं अगदी उन्नीस-बीस चाललं होतं.

तो सापडला. वेग टिकवायला विमानाचं नाक खाली घालायला उशीर झाला, वेग पडत गेला आणि इन्स्ट्रक्टरने कंट्रोल्स हातात घेतले. ती सॉर्टी त्याला पुन्हा करावी लागली. संध्याकाळी त्याने सगळ्यांना गोळा करून ती खोड सविस्तर सांगितली. मग खास माझ्याकडे वळून म्हणाला, “तुझं त्यांच्याबरोबर परत असेल ना, रेडिओला हात लावण्याआधी वेग बघून घे.” मी मान डोलावली. एवढं करून फायटर मला मिळालं नाहीच. त्यालाही नाही, तो ट्रान्सपोर्टला गेला.

पुढे हकीमपेटला चेतक हेलिकॉप्टर शिकलो, आणि बऱ्याच वर्षांनी सियाचेनला चीता हेलिकॉप्टर उडवलं. तिथे हेलिकॉप्टरं जोडीने जातात, एकाला कुठे नाइलाजाने उतरावं लागलं तर दुसऱ्याला ते दिसावं म्हणून. आज सकाळी अमुक हेलिपॅडवर वारा कसा फिरला, हे आधी उतरून आलेला न विचारता सांगतो. न सांगणारा कुणाला जोडीला नको असतो. उघडपणे कुणी बोलत नाही, पण नको असतो.

एक गोष्ट मात्र खरी आहे. शिकवण्यात स्वतःची झोप जात असेल तर मुलाने स्पष्ट नाही म्हणावं. पहाटेच्या सॉर्टीला पेंगत गेलेला कॅडेट कुणाच्याच कामाचा नाही. नऊनंतर अर्धा तास, आणि आलटून पालटून: एक दिवस हा ओरडेल, एक दिवस तो.

बाकी हातचं राखायचा सल्ला फोनवर देणार असाल तर राहू द्या. एनडीएत पहिल्या टर्मला स्क्वाडबरोबर सायकल चालवताना एकजण मागे पडला म्हणून सगळ्यांनी मिळून रगडा, म्हणजे शिक्षेची कसरत, खाल्लेला मुलगा आहे तो. ‘हो बाबा’ म्हणेल, फोन ठेवेल आणि रूममेटला हाक मारेल.