उतारवयात लहानपणीचा छंद पुन्हा सुरू केला तर मन खरंच तरुण राहतं का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना रिटायर होऊन वर्ष झालं, सकाळी पेपर आणि मग झोपेपर्यंत टीव्ही. त्यांना लहानपणीचा एखादा छंद पुन्हा लावून द्यावा का, असं विचारलंय. मला 67 पूर्ण झाली. बँकेत काउंटरवर 34 वर्षं काढली आणि रिटायर झाल्यावरचं माझं पहिलं वर्ष तुमच्या वडिलांसारखंच गेलं, म्हणून लिहिते.

आधी एक करा. त्यांना "बाबा, तुमचा छंद काय होता?" असं विचारू नका. आमच्या पिढीची त्यावरची उत्तरं ठरलेली आहेत. वाचन, जुनी गाणी, भटकंती. मुलाने मला विचारलं तेव्हा मी "पेटी" म्हणून मोकळी झाले. त्याने बिचाऱ्याने हौसेने पेटी आणली, क्लास लावला. दोन महिन्यांत त्या पेटीवर इस्त्रीचे कपडे ठेवले जाऊ लागले. खरं सांगायचं तर मी पेटी शिकावी ही हौस माझ्या आईची होती.

विचारायचंच असेल तर हे विचारा, लहानपणी सगळ्यात जास्त मार कशापायी खाल्लात?

मी खाल्ला तो अळिवापायी. आमचं घर साताऱ्याला, अंगणातून अजिंक्यतारा दिसायचा. दिवाळीचा किल्ला भाऊ आणि त्याचे मित्र करायचे. मुलींनी रांगोळी काढायची, किल्ल्याला हात लावायचा नाही. माती आणून द्यायची मुभा होती, ती मळून द्यायचीही होती, पण बुरूज थापायला बसले की हाकललं जायचं. एका वर्षी मावशी बाळंतपणाला आलेली. तिच्या लाडवांसाठी आईने अळीव आणून डब्यात ठेवले होते. भावाच्या किल्ल्यावर मोहरी टाकली होती, ती काही केल्या उतारावर टिकेना, पाणी मारलं की घरंगळून खाली. मी तो अख्खा डबा रात्री किल्ल्यावर रिकामा केला. अळीव भिजला की बुळबुळीत होतो आणि मातीला चिकटून बसतो, हे मला लाडू करताना बघून माहीत होतं. चौथ्या दिवशी किल्ला हिरवागार झाला. त्याच दिवशी आईने लाडू करायला डबा उघडला.

तो मार मला आजही आठवतो. तो हिरवा रंगही. आणि किल्ला भावाने केला म्हणून सगळ्यांनी पाठ थोपटली त्याची, तेही आठवतं.

तर पेटी झाकून ठेवल्यावर, तीन दिवाळ्यांपूर्वी, मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुचाकींच्या रांगेपलीकडचा सहा फूट बाय चार फुटांचा कोपरा धरला. पुण्यात आता माती विकत घ्यावी लागते. नर्सरीतून पाच पोती लाल माती आणली, तीही पोरांच्या मदतीने लिफ्टशेजारी रचली. एका गृहस्थांनी लगेच हरकत घेतली, गाड्यांना माती लागते म्हणून. मी त्यांना सांगितलं, तुमची गाडी मी धुवून देईन. एकदा दिलीसुद्धा.

पहिल्या वर्षीचा किल्ला अगदी भिकार झाला. नुसतीच माती रचली होती, ती वाळली आणि ठिकठिकाणी भेगा पडल्या. मावळे बुरुजापेक्षा उंच, दरवाज्यातून एकही आत जाईना. दुसऱ्या वर्षी लहानपणी मळून दिलेला चिखल डोक्यात परत आला. खाली विटा आणि दगडांचा ढीग, त्यावर पातळ राड्यात बुडवून काढलेलं गोणपाट, ते ओलं असतानाच सुरकुत्या पाडायच्या. त्याच पुढे कडे आणि घळी होतात. त्यावर चिखल थापायचा नाही, मुठीने फेकून मारायचा. थापला की गुळगुळीत होतो, आणि सह्याद्री गुळगुळीत नाही. हे वाक्य मला सातवीतल्या एका मुलीने ऐकवलं, मी तिला नाही.

खाली बसता येत नाही, गुडघे तेवढे शहाणे आहेत. न्हाणीघरातल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसते आणि माती तुडवायचं काम पोरांच्या पायांना देते. रात्री हातांना भेगा पडतात, त्यावर खोबरेल तेल.

गेल्या दिवाळीत राजगड केला. पोरांना रायगड हवा होता, कारण राज्याभिषेक. मी अडून बसले. कॉलेजात असताना एकदा राजगड चढले होते, आणि माझ्या मते तो करायला रायगडाहून अवघड आणि म्हणून मजेचा. मधोमध बालेकिल्ल्याचा कातळ आणि त्याच्या तीन बाजूंना पसरलेल्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या, म्हणजे गडाच्या तटबंदी घातलेल्या सोंडा. संजीवनी माचीची तटबंदी दुहेरी आहे. बाहेरच्या आणि आतल्या भिंतीमधून माणूस जाईल एवढी वाट, आणि बुरूजही तसेच, एकात एक. चिलखती बुरूज म्हणतात त्यांना. ती दुहेरी भिंत चिखलात उभी करायला मला तीन रात्री लागल्या. पहिल्या दोन वेळा बाहेरची भिंत आतलीवर कोसळली. शेवटी मध्ये आइस्क्रीमच्या काड्या उभ्या करून ठेवल्या, भिंती सुकल्यावर हळूच उपसून काढल्या.

नेढं मात्र मी चुकवलं. नेढं म्हणजे कातळाला पडलेलं आरपार भोक, ते सुवेळा माचीवर आहे. मी ते संजीवनीवर काढून बसले, पक्कं आठवतंय म्हणत. तिसऱ्या मजल्यावरचा पाचवीतला पोरगा खाली आला, किल्ल्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "आजी, हे इथे नाहीये." मी म्हटलं, मी जाऊन आलेय, तू नाहीस. त्याने आईचा मोबाइल आणून उपग्रहाचा नकाशा उघडला, फोटो दाखवले. सगळ्या पोरांसमोर माझी जिरली. वसुबारसेच्या आदल्या रात्री मी ते नेढं बुजवलं आणि पलीकडे नवं कोरलं, आणि हा बाजूला टॉर्च धरून उभा. "अजून थोडं वर, आजी. अजून. बास."

तुमच्या "मन तरुण" शब्दाबद्दल एवढंच म्हणेन की त्या रात्री मला तरुण-बिरुण काही वाटलं नाही, पाठ भरून आली होती. पण एरवी मला दिवसभर "काकू, तुम्ही बसा", "काकू, तुम्ही राहू द्या" ऐकावं लागतं. या पोराने मला बसवलं नाही. चूक होती, म्हणून माझ्याकडून ती फोडून घेतली. बँक सोडल्यापासून माझं काम कुणी तपासलं नव्हतं.

म्हणून वडिलांना एकट्याने खोलीत बसून करायचा छंद देऊ नका, असं माझं मत. आणि ज्याला तारीख नाही तोही नको. किल्ला मला जमतो याचं अर्धं कारण म्हणजे वसुबारस पुढे ढकलता येत नाही. अळीव त्याच्या चार-पाच दिवस आधी पेरावाच लागतो, म्हणजे त्याआधी माती सुकायला हवी, म्हणजे दसऱ्यानंतर पोती आणायलाच हवीत. कंटाळा करायला सवडच मिळत नाही.

त्यांच्या वतीने सामान मात्र विकत आणू नका, पेटीसारखं होईल. जुळवाजुळवीतच निम्मी मजा आहे. किल्ल्याला कारंजं लागतंच, आणि कारंज्याला सलाईनची नळी. लहानपणी ती आम्हाला गल्लीतल्या कंपाउंडरकडून मिळायची. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डिस्चार्जच्या दिवशी मी नर्सबाईंकडे माझीच नळी मागितली. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. वापरलेली देता येत नाही म्हणाल्या, बरोबरच आहे. मग खालच्या मेडिकलमधून नवी घेतली, आणि दुकानदाराने "पेशंट कोण आहे?" विचारल्यावर "राजगड" म्हणाले. सूनबाई शेजारी वॉकर धरून उभी होती, तिला कुठे लपू असं झालं. नळीच्या टोकाला बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचा तुकडा खोचायचा आणि पाण्याची बाटली किल्ल्याच्या मागे जितकी उंच टांगता येईल तितकी टांगायची. उंची वाढली की कारंजं वाढतं. यंदा बाटली पहिल्या मजल्याच्या ग्रिलला बांधायचा बेत आहे, परवानगी काढायची बाकी आहे.

2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले, तेव्हापासून आमच्या पाचवीतल्या साहेबांनी यादीच करून माझ्या फ्रिजवर चिकटवलीय. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. राजगडावर लाल फुली मारून झाली. वर्षाला एक म्हटलं तरी उरलेले 11 संपेपर्यंत मी 78 ची होईन आणि त्याला मिशा फुटलेल्या असतील. मी हे त्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "मग वर्षाला दोन करू. मे महिन्यात एक."

यंदा सिंधुदुर्ग ठरलाय. मालवणजवळच्या कुरटे बेटावरचा, चहूबाजूंनी समुद्र. म्हणजे पाण्यात उभा करायचा, आणि आमचा माल चिखल. प्लॅस्टिकच्या मोठ्या टबात करून बघितला, दुसऱ्या दिवशी सकाळी दक्षिणेकडचा तट विरघळून गेला होता. तटाला आतून मेण लावावं असं माझं म्हणणं आहे, पोरं म्हणतायत सिमेंट. सिमेंट म्हणजे चीटिंग, हे मी सांगून ठेवलंय. तुमच्या वडिलांनी लहानपणी कधी पाण्यातला किल्ला केला असेल आणि तो तुळशीच्या लग्नापर्यंत टिकवला असेल, तर कसा टिकवला ते त्यांना विचारून इथे खाली लिहाल का? दसऱ्याच्या आत कळलं तर बरं.